दादाच्या खोलीचं मीटर

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या खोलीला मी विजेचं वेगळं मीटर बसवलं. एकाच घरात, एका भिंतीच्या अल्याड मी आणि पल्याड तो. बसवायला दीड तास लागला. त्यातला बराच वेळ मी स्टुलावर उभा राहून शीळ घालत होतो, असं हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, नंतर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. ते खरं आहे. स्टूल दादानंच धरलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. ते मी सांगतो.

कारखान्यात माझं कामच नाकारण्याचं होतं. डबा मांडीवर घेऊन खमरियाची बस धरायची, दिवसभर पुढ्यात येणारे नग मापायचे, मापात नसेल त्यावर लाल ठिपका द्यायचा आणि बाजूला टाकायचा. माझ्या ठिपक्याला लोक टरकून असत. निवृत्त झाल्यावर नाकारायला काही उरलं नाही. घरी बसल्याच्या पहिल्याच महिन्यात मी हिच्या पोळ्यांची जाडी बघायला लागलो. तिनं लाटणं हातातून खाली न ठेवता विचारलं, की मी कुठे दुसरी नोकरी बघून राहिलो आहे की नाही. तेव्हा मी जरा बिनबोलक्या वस्तूंकडे वळलो. विजेकडे.

आमच्याकडे जबलपुरात महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहिलं की बिलात सवलत मिळते. घमापुरातल्या आमच्या गल्लीत तर माणसाची लायकी आता त्यावरच ठरते. पूर्वी पोरांचे टक्के विचारत, आता युनिट विचारतात. सवलतीपायी काही घरांत बाप-लेक कागदावर वेगळे झाले, दोन कनेक्शनं घेतली, आणि रात्री एका ताटाला एकत्र बसले. मी नेमकं उलट केलं. कागदावर आम्ही एकत्रच राहिलो.

घर वडिलांनी बांधलेलं. पुढच्या दोन खोल्या जाड भिंतींच्या, वर स्लॅब. मागची एक खोली त्यांचे पैसे संपल्यावर बांधलेली, म्हणून वर टिनाची चादर. पुढे आम्ही दोघं नवरा-बायको राहतो, मागे दादा. दादा रेल्वेत गार्ड होता. वहिनी गेल्यापासून एकटाच. त्याला दमा आहे आणि त्यापायी वाफ घ्यायचं एक लहानसं यंत्र त्याच्या उशाशी असतं. त्याची मुलगी जबलपुरातच, विजयनगरला फ्लॅटमध्ये राहते. दर उन्हाळ्यात ती यायची आणि म्हणायची, की बाबा, चला आमच्याकडे, एसी आहे. दर उन्हाळ्यात दादा नाही म्हणायचा. तिथे तिची सासू होती. जावयाच्या सोफ्यावर पाय खाली सोडून पाहुण्यासारखं बसायचं, बाथरूमला जाताना घसा खाकरायचा, हे त्याला नको होतं. मुलगी दिली होती, स्वतःला नाही, असं तो म्हणे. त्याला एवढंच पाहिजे होतं: ज्या खोलीत वहिनी होती त्याच खोलीत, टिनाखाली, स्वतःच्या घरात शेवटपर्यंत राहायचं. घरातला प्रत्येक माणूस हे जाणून होता. मीसुद्धा.

माझी मोहीम सुरू झाली तेव्हा वाईट नव्हती. जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. गरगरणारे जुने पंखे काढून कमी वीज खाणारे लावले. चुन्यात डिंक कालवून स्लॅबवर दोन हात मारले, आणि खरोखर पुढच्या खोल्या दुपारी गार राहायला लागल्या. टिनावर मात्र मी चुना मारला नाही. टिनावर चुना टिकत नाही, असं मी न मारताच ठरवून टाकलं.

आतल्या बोळातला फ्रिज बदला, असं ही दोन वर्षं म्हणत होती. दाराचं रबर कडक होऊन दार लागत नसे, म्हणून मी त्याला सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधला होता. कोणाला लिंबू पाहिजे असलं तरी आधी ती गाठ सोडावी लागे. मी म्हणायचो, हे जुनं लोखंड आहे, आजकालच्या डब्यांसारखं नाही.

"लोखंड आहे म्हणूनच गंजलं," ती म्हणाली. "तुमच्यासारखं."

एवढं करूनही बिल दीडशेच्या रेषेच्या आत येईना. आता चांगल्या माणसाला वाटलं असतं की प्रयत्न कमी पडला. पण तपासनिसाला लॉटमध्ये खराब नग सापडला नाही तर लॉट चांगला आहे असं वाटतच नाही, तो कुठेतरी लपवलाय असं वाटतं. पुढच्या खोल्या माझ्या नजरेसमोर होत्या. नजरेआड एकच होती.

म्हणून ते मीटर. दादाला वाटलं मी त्याच्या बोर्डाची ढिली तार कसतो आहे. दारावर बाहेरच्या बाजूनं काळा डबा लागला तेव्हा त्यानं विचारलं, "हे काय लावून राहिला रे?"

कुठे किती वीज जाते ते कळावं म्हणून, असं मी सांगितलं.

"अच्छा. मग पुढच्या खोल्यांना पण लावशील."

पुढचं मला माहीत आहे, म्हणालो. त्यानं स्टूल सोडलं नाही. मी उतरेपर्यंत धरून होता.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या दारात उभा राहून रीडिंग घ्यायचो, मोठ्यांदा वाचायचो आणि दाराला चिकटवलेल्या कागदावर लिहायचो. एका रकान्यात घराची एकूण, दुसऱ्यात त्याची. पहिल्या आठवड्यातच गुन्हेगार सापडला. एकट्या माणसाची ती एक खोली आमच्या दोन खोल्यांपेक्षा जास्त खात होती. मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. नग सापडला की होतो तसला आनंद तो. त्या नगाला दमा आहे हे त्यात कुठे आड आलं नाही.

दादा भांडला नाही. गार्डाच्या नोकरीत नियमाप्रमाणे चालायची त्याला सवय होती. त्यानं रात्रीचा दिवा बंद केला. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत अंगणात खुर्ची टाकून बसायला लागला, म्हणजे पंखा नको. कूलर फक्त भर दुपारी. तो कागदासमोर उभा राहून आकडा बघायचा, शाळेतला पोरगा निकाल बघतो तसा. पण आकडा काही उतरेना. जेमतेम दोन-तीन युनिटं कमी झाली.

तेव्हा एका सकाळी मी त्याला हिच्यासमोर विचारलं, की रात्री आम्ही झोपल्यावर लपून कूलर लावतोस का.

"नाही रे."

"मग हे युनिट काय पाली खाऊन राहिल्या?"

तो कागदावरचा आकडा परत बघायला लागला. मला वाटलं, पकडला. त्या भरात माझी नजर उशाशी असलेल्या वाफेच्या यंत्रावर गेली. ते साधं यंत्र एका बल्बाइतकी वीज खातं आणि तीही दहा मिनिटं. पण घुर्र घुर्र आवाज एवढा करतं की मला ते फार खादाड वाटलं. मी म्हणालो, आणि जे म्हणालो ते अजून हिच्या तोंडून अधूनमधून ऐकतो, "दादा, वाफ जरा कमी घेतली तर नाही का चालणार?"

ही चहाचा कप तिथेच ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. दादा यंत्राकडे बघत म्हणाला, की बघतो.

इथवर मी फक्त दुष्ट होतो. मूर्खपणा पुढे आहे.

फोनवर मी कुठेतरी वाचलं की जुन्या घरांतली गार हवा फटींतून निघून जाते आणि सगळी भोकं बुजवली तर अर्धं काम होतं. ते एसीच्या घरांबद्दल होतं, हे खालच्या ओळीत असणार. खालच्या ओळीपर्यंत मी गेलो नाही. दादाचा कूलर खिडकीबाहेर स्टँडवर. तो बाहेरची हवा ओल्या जाळीतून आत ढकलतो, आणि ती हवा भिंतीत वर ठेवलेल्या दोन रोशनदानांतून, म्हणजे झरोक्यांतून, निघून जाते. ती निघून गेली नाही तर खोलीत गारवा नाही, इडलीचं भांडं तयार होतं. ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या शेळीलाही ठाऊक असेल. मी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापलं, दोन्ही रोशनदानांत घट्ट ठोकलं, कडेनं चिकटपट्टी मारली. दरवाजाच्या खालच्या फटीत जुनं धोतर कोंबलं. दादाला सांगितलं, की आता कूलर अर्धा तास लावला तरी दिवसभर पुरेल. त्यानं वर बघितलं. काहून बंद केलं, एवढंच विचारलं. समजावून सांगितल्यावर म्हणाला, तुला जास्त कळतं.

नवतपा लागला होता. मे संपतानाचे ते नऊ दिवस, जेव्हा आमच्याकडे नळाचं पाणीसुद्धा चहासाठी निम्मं तापून येतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ही ताक द्यायला मागे गेली आणि तिनं मला हाक मारली. नावानं. लग्नानंतर तिनं मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी पळत गेलो.

खोलीत पाऊल टाकलं तर चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून बघतो तो दादा पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर चढवून बसलेला. ओठ काळपट. श्वास आत जात होता की नाही कळत नव्हतं, शिट्टीसारखा आवाज तेवढा येत होता. वाफेचं यंत्र मांडीवर होतं. औषध भरलेलं, मास्क हातात, वायर प्लगमध्ये. बटण बंद.

मी ओरडलो, की चालू काहून नाही केलं. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं बोट दाखवलं. दाराकडे, माझ्या कागदाकडे. सकाळी एकदा वाफ घेऊन झाली होती आणि त्या दिवसापुरती त्यानं स्वतःला तेवढीच ठरवून दिली होती.

बटण हिनं दाबलं. मी थर्माकोल ओढून काढायला स्टुलावर चढलो. पण ते मी इतकं छान ठोकलं होतं की निघेना. उभ्या हयातीत माझं एवढं पक्कं काम दुसरं झालेलं नाही.

दवाखान्यात चार दिवस. डॉक्टरांनी विचारलं, की पेशंट कुठे बंद कोठारात वगैरे राहतो का. मी म्हणालो, नाही, घरीच. पुतणी शेजारी उभी होती. ती लहानपणी माझ्या खांद्यावर बसून ग्वारीघाटाची नर्मदा बघायला जायची, मला 'ए काका' म्हणायची. तिनं त्या दिवशी माझ्याकडे वळून म्हटलं, "बाबांना मी घेऊन जाते. आप अब कुछ मत बोलिए." तिच्या तोंडून मला 'आप' पहिल्यांदा आलं, आणि एवढा कापणारा आदर मला आयुष्यात कोणी दिला नव्हता.

दादा कपडे न्यायला घरी आला. दोन पिशव्या, वाफेचं यंत्र, वहिनीचा फोटो. पुतणी रिक्षा थांबवून बाहेर उभी. मी पिशवी उचलायला गेलो तर त्यानं दिली नाही. निघताना दारात थांबला, माझ्या खिशातल्या पेनाकडे बघून म्हणाला, "शेवटचं रीडिंग लिहून घे. मग म्हणशील, जास्तीचं जाळून गेला."

किरायेदार खोली सोडताना असंच करतात. थट्टा म्हणून तो बोलला नाही. मी पेन काढलं, ही माझ्याकडे बघत होती, तरी काढलं, आणि आकडा लिहून घेतला. काय करू, सवय. त्यानं वाकून आकडा बरोबर आहे का ते बघितलं आणि गेला. ज्या सोफ्याला तो उभा जन्म टाळत आला, त्यावर बसायला मीच त्याला पाठवलं.

आता खोलीला कुलूप. कूलर कोरडा, पंखा बंद. दुसऱ्या सकाळी मी सवयीनं मागे गेलो आणि मीटर बघितलं. रिकाम्या खोलीनं रात्रभरात जवळजवळ नेहमीइतकीच युनिटं खाल्ली होती.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला? की दादा कूलर चालू ठेवून गेला. कुलूप काढून बघितलं. नाही. दुसरा विचार आला, की शेजाऱ्यांनी तार मारली. मी दोन दिवस शेजाऱ्यांकडे डोळे बारीक करून बघत होतो, त्यांनी दिलेला आमरस परत पाठवला. तिसऱ्या दिवशी गोहलपुरहून एक वयस्क मिस्त्री बोलावला. त्यानं दादाच्या बोर्डाचं झाकण उघडलं, एक तार चिमटीत धरली आणि तिच्यामागे भिंतीनं चालत निघाला. तार दादाच्या खोलीतून भिंतीच्या भोकातून बोळात आली. बोळात आमचा फ्रिज होता, ट्यूबचा पट्टा बांधलेला, पाठ दादाच्या भिंतीला. मिस्त्रीनं फ्रिजचा प्लग काढला. मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला.

"बाबूजी, इस कमरे का तो कुछ है ही नहीं. ये सब आपका फ्रिज खा रहा है," तो म्हणाला. मग तार परत बघून, "ये लाइन किस गधे ने खींची थी?"

"आहे ना," ही म्हणाली. "हा काय उभा."

मीच खेचली होती. दादाची बदली इटारसीला होती, खोली रिकामी होती, बोळात प्लग नव्हता, म्हणून त्याच्या बोर्डावरून मी तात्पुरती तार ओढली होती. तात्पुरती म्हणजे एकोणीस वर्षं. कडक रबराचा तो फ्रिज दिवसरात्र न थांबता चालायचा, त्याची वीज दादाच्या नावावर चढायची, आणि पाठीची सगळी गरमी दादाच्या भिंतीत जायची. कारखान्यात माप घेण्याआधी यंत्र तपासायचं, हा पहिला नियम. नव्या पोरांना तो मीच शिकवायचो, तोही टपली मारून.

मग मी जे करायला पाहिजे होतं ते सगळं केलं, महिन्याभरात. नवा फ्रिज आणला. हिनं त्याला हळद-कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, की या वेळी नारळ कोणाच्या डोक्यावर फोडायचा ते तिला माहीत आहे. टिनावर चुना मारला, तो टिकला. टिनाखाली पुठ्ठ्याच्या पाट्यांचं छत ठोकून घेतलं. रोशनदानं मोकळी केली, एक जास्तीचं फोडलं. खिडकीबाहेर कडुनिंबाच्या बाजूला हिरवी जाळी बांधली. खोली पुढच्या खोल्यांपेक्षा गार झाली. बिल रेषेच्या आत आलं. पण गल्लीत मी कोणाला आकडा सांगितला नाही, आणि कोणी विचारलाही नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मीटर मी स्वतः उतरवलं, कागद फाडला, आणि एका रविवारी सकाळी विजयनगरला गेलो.

दादा सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता, पाय खाली, हात मांडीवर. पलीकडे त्याच्या मुलीची सासू टीव्हीवर भजन बघत होती, तिच्या भजनात व्यत्यय नको म्हणून तो हळू बोलत होता. बारीक झाला होता. पण श्वास बरा होता. पुतणीनं चहा आणून ठेवला आणि जवळच उभी राहिली, मी काय बोलतो त्यावर पहारा द्यायला.

मी माफी मागायला गेलो होतो. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तार माझीच होती, फ्रिज माझाच होता, तू खोटं बोलत नव्हतास, चल घरी. एवढंच म्हणायचं होतं आणि ते मी म्हणालोही. मग गप्प बसायला पाहिजे होतं.

दादानं विचारलं, की टिनाचं काय केलं. मी सांगितलं. छत खाली घेतलं तर पंखा डोक्याला लागत नाही ना? नाही दादा, मापून घेतलं. रोशनदान? तीन आहेत आता. फ्रिज? तो आमच्या खोलीत, आमच्या तारेवर. तो एकेक विचारत होता, घर विकत घ्यायला आलेल्या माणसासारखा, नीट, शांतपणे; मी एकेक सांगत फुलत चाललो होतो. गरमी किती उतरली, दुपारी पाय भुईला टेकवता येतो, हे सगळं सांगून टाकलं. पुतणी एकदा दादाकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"चांगलं केलं," दादा म्हणाला. "म्हणजे राहण्यासारखं झालं आता."

"एकदम, दादा. ये आणि बघ."

"येतो मग."

पुतणीनं दचकून त्याच्याकडे बघितलं. माझे डोळे भरून आले, आणि मी त्याची पिशवी कुठे आहे म्हणून इकडे तिकडे बघायला लागलो. दादानं बशीतला उरलेला चहा संपवला, कप बशीवर ठेवला, आणि सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून जरा माझ्याकडे झुकून विचारलं,

"तू घर सोडून कधी निघून राहिला?"